कोरं चालवलंस का?

वरसावे पुलाखालच्या खाडीच्या पाण्यात मी मस्टर्ड गॅसचा अंश शोधून काढला. तो माझ्याच खिशातल्या बॉलपेनातून आला होता.

हे आधीच सांगून टाकतो. आमच्या लॅबमधलं कोणीही तुम्हाला कधी भेटलं, तर ते पहिल्यांदा हेच सांगणार, आणि वर मीठमसाला लावून. माझ्याकडून ऐकलंत तर निदान मसाला वाचेल.

लॅब भाईंदर पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर होती. खालच्या गाळ्यात स्टीलचे डबे पॉलिश व्हायचे, त्यामुळे दिवसभर आपल्या पायाखाली कोणीतरी राक्षस दात घासतोय असं वाटायचं. आमचं मुख्य काम म्हणजे परदेशी जाणाऱ्या मसाल्यांत कीटकनाशक किती, सोसायट्यांच्या बोअरिंगच्या पाण्यात काय काय, असलं. पण मागे काचेच्या दाराची एक खोली होती. त्या खोलीत युद्धात वापरल्या जाणाऱ्या विषारी रसायनांचा माग काढायचं काम चालायचं.

घाबरू नका. विष तिथे नसायचंच. असलं रसायन माती-पाण्यात पडलं की काही काळाने मोडतं, पण मोडून जे उरतं ते तिथेच ठाण मांडून बसतं. ते उरलेलं ओळखायचं आणि मूळचं काय होतं ते सांगायचं. "चोर केव्हाच गेलेला असतो," असं ती खोली चालवणाऱ्या बाई म्हणायच्या. "आपण दारातल्या चपलांवरून त्याचं नाव सांगायचं. फक्त त्या चपला आपल्याच नाहीत ना, हे आधी बघायचं."

शेवटचं वाक्य बोलताना त्या माझ्याकडे बघायच्या.

त्यांना मॅडम म्हटलेलं चालायचं नाही. "मॅडम म्हणतात ते ट्रायल रूम दाखवायला. मला बाई म्हण." उंची बेताची, केस बारीक कापलेले, अंगात रंग उडालेला सुती सलवार-कमीज. टिकली नाही, पावडर नाही, बांगडी नाही. कपडे कुठल्याशा बिनवासाच्या साबणाने धुतलेले. डब्यात कायम ताकभात. आमच्या लॅबआधी त्या कुठल्याशा सरकारी प्रयोगशाळेत होत्या. तिथे काय करायचात, असं विचारलं तर एकच उत्तर यायचं, "कोरं चालवत होते."

आता कोरं म्हणजे काय, ते सांगायला हवं. नमुना मशीनमध्ये घालण्याआधी, ज्यात काहीही नाही असं शुद्ध पाणी घ्यायचं, आणि तेच पाणी त्याच जातीच्या बाटलीतून, त्याच नळीने, त्याच हातांनी, सगळ्या पायऱ्यांतून नेऊन मशीनला दाखवायचं. त्यात काही सापडलं, तर ते नमुन्यातलं नाही. ते तुमचं आहे. सगळं जग याला ब्लँक म्हणतं. बाईंच्या राज्यात ते कोरं.

इथपर्यंत ठीक होतं. सगळे चांगले केमिस्ट हे करतात. पण बाईंनी हे कोरं लॅबच्या जिन्यावरून खाली उतरवून भाईंदरभर फिरवलं होतं. केबिन रोडवरच्या गाडीवर वडापाव घ्यायचा तर आधी नुसता पाव खायचा, मग नुसता वडा, मग दोघं एकत्र. गाडीवाल्याने एकदा न राहवून विचारलं, "बाई, पत्रिका जुळवताय काय दोघांची?" बाई म्हणाल्या, "पाव खारट आहे तुझा. लोक उगाच वड्याला नावं ठेवतात." कापड घ्यायला गेल्या की दुकानदाराला आधी पांढराशुभ्र कपडा दाखवायला लावायच्या. तो पिवळा दिसला तर दोष दुकानातल्या दिव्याचा. आणि भाचीचं लग्न जमवायच्या वेळी तर त्यांनी मुलाकडच्यांना निरोप धाडला, की आम्ही आधी मुलगा घरी नसताना येऊ, नंतर तो असताना येऊ. मध्ये जो फरक पडेल तेवढाच मुलगा.

लग्न झालं. सुखात आहेत म्हणे.

लॅबच्या दाराशी त्या स्वतः उभ्या राहायच्या, हात पाठीमागे, नाक पुढे. प्रत्येकाला हुंगून आत सोडायच्या. गजरा, अत्तर, डासांचं क्रीम, केसांचं तेल, सगळं बाहेर. काचसामान धुणारे भोईरमामा जवळच्या मुर्धा गावाहून यायचे. ते रोज दारात आपणहून खुलासा करायचे, "बाय, आज सुकट खाल्ली न्हाय. वास कालचा हाय." बाई गंभीरपणे मान हलवायच्या, "कालचा चालेल." मला मात्र परत पाठवलं. आफ्टरशेव्ह. दोनदा. केमिस्ट्रीत पहिला धडा असतो, की बाटली कधी हुंगायची नाही. बाईंनी त्याला पुढचा अर्धा जोडला होता: "बाटली हुंगू नको, आणि माणूस हुंगल्याशिवाय आत घेऊ नको."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे साक्षीदार. एका मशीनने सांगितलं म्हणून त्या काही मानायच्या नाहीत. दुसऱ्या, वेगळ्या पद्धतीने तेच उत्तर आलं पाहिजे. "एका साक्षीदारावर मी मांजराला दूधचोर ठरवणार नाही." मी एकदा सासूबाई आजारी आहेत म्हणून सुट्टी मागितली. बाई म्हणाल्या, "दुसरा साक्षीदार?" आणि माझ्यासमोर माझ्या बायकोला फोन लावला. बायको पलीकडून म्हणाली, "आई? आई आत्ताच झुंबा क्लासला गेली." ती सुट्टी मी मशीनची गाळणी बदलण्यात घालवली.

तर ते पेन.

मी नवा होतो आणि हुशारही होतो, म्हणजे माझ्या मते. सरावासाठी बाईंनी वरसाव्याहून खाडीचं पाणी आणायला लावलं आणि म्हणाल्या, "यात काही नाही हे सिद्ध कर." मी म्हटलं, यात काय मोठंसं. आमच्या मशीनमध्ये केसासारखी बारीक, लांबलचक नळी असते. मिश्रण तिच्यात सोडलं की ते संध्याकाळच्या केबिन रोडवर सोडलेल्या गर्दीसारखं वागतं. कोणी सरळ नाकासमोर चालत बाहेर पडतो, कोणी भाजीपाशी थांबतो, कोणी प्रत्येक चपलांच्या दुकानात शिरतो. त्यामुळे आत सगळे एकत्र शिरले तरी बाहेर एकेकटे येतात. बाहेर दुसरं यंत्र वाट बघत असतं. ते प्रत्येकाचे तुकडे करतं आणि तुकड्यांवरून नाव सांगतं. फुटलेल्या काचांवरून कप होता की ग्लास हे ओळखावं, तसं.

यंत्राने नाव सांगितलं, थायोडायग्लायकॉल. मस्टर्ड गॅस पाण्यात मोडला की हेच उरतं. आम्ही त्याला घरगुती नावाने थायो म्हणायचो.

माझ्या कानात सनई वाजायला लागली. घोडबंदर रोडला युद्धरसायन! शोधणारा मी! मी पहिला फोन बाईंना नाही, घरी सिल्व्हर पार्कला केला. "खिडक्या बंद कर. दाराखाली ओला टॉवेल लाव. का ते विचारू नकोस."

"गच्चीवर पापड वाळत घातलेत," बायको म्हणाली. "ते काढू का राहू देऊ?"

"पापडांचं काय घेऊन बसलीस! केमिकल वेपन आहे!"

हे तिने शेजारणीला एवढ्या मोठ्याने सांगितलं, की संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मास्क कुठे मिळतील याची चौकशी सुरू झाली होती.

बाई आल्या. मी छाती काढून पडदा दाखवला. त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. माझ्या खिशाकडे बघितलं. खिशाखाली निळा डाग पसरला होता, आणि माझी बोटं निळी होती, कारण बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी गळक्या पेनाने लिहिल्या होत्या.

"कोरं चालवलंस का?"

मी म्हटलं, "उत्तर एवढं स्पष्ट असताना..."

"कोरं."

कोरं चालवलं. शुद्ध पाणी, माझे हात. थायो हजर, त्याच वेळेला, त्याच तुकड्यांसकट. बॉलपेनच्या काही शायांमध्ये थायो असतो, हे मला त्या दिवशी कळलं. सोसायटीला मात्र मी त्यातलं काही कळवलं नाही. तिथे अजून लोक मला लिफ्टमध्ये विचारतात, "काय, आज हवा ठीक आहे ना?"

बाईंनी माझं पेन चिमट्याने उचललं, काचेच्या बाटलीत घालून बूच लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्या दिवसापासून काचेच्या खोलीत पेन बंद. माझ्या गळ्यात सुतळीला बांधलेली पेन्सिल आली. भोईरमामा म्हणाले, "लय शोभतंय. बालवाडीन आल्यागत."

आता खरी गोष्ट. दरवर्षी परदेशातून आमची परीक्षा यायची. डब्यातून बाटल्या यायच्या, आत कुठल्या रसायनांचे सूक्ष्म अंश मिसळलेले. काय मिसळलंय ते आपण सांगायचं. असलेलं सुटलं तर गुण कापले जातात. पण नसलेलं आहे म्हटलं, तर थेट नापास. कारण उद्या खरंच कोणत्या देशावर आरोप होणार असेल तर तो अशाच लॅबच्या शब्दावर होणार. मी यायच्या आधीच्या खेपेला आमचे शेठ, म्हणजे लॅबचे मालक, घाईला आले होते. नव्या रबरी बुचातून आलेलं काहीतरी नमुन्यातलं म्हणून कळवलं गेलं आणि आम्ही नापास झालो.

शेठ माणूस वाईट नव्हते. त्यांचा मूळ धंदा फरसाणाचा, त्यामुळे कढईतून निघालं की लगेच पाकिटात, हा स्वभाव. ते बाईंना स्पष्ट म्हणाले, "बेन, इस बार भी फेल, तो वो कमरा मसाले में चला जायेगा. मशीन खाली रखने को नहीं लिया है."

बाई म्हणाल्या, "नापास झालो तर खोलीची चावी मीच तुमच्या टेबलावर आणून ठेवते. आणि घरी जाते."

"अरे बेन, आप मत जाओ, आप मसाला देखो ना."

"मसाल्यात मला कोणी फसवायला बघत नाही. मजा नाही त्यात."

हसत बोलल्या, पण चावी त्या दिवसापासून त्यांनी कमरेच्या पट्ट्यावरून काढून टेबलाच्या कडेला, समोर ठेवली. त्या खोलीशिवाय बाई कशा दिसतील याची आम्हाला कोणालाच कल्पना करता येत नव्हती. आणि खोली गेली असती तर मीही सरळ मिरची पावडरच्या टेबलावर गेलो असतो.

परीक्षेचा डबा आला तो सकाळी. बाई आत होत्या. दारात मी होतो. कुरिअरवाल्याने कागद पुढे केला, "सर, इधर साइन," आणि त्याच्यासोबत स्वतःचं पेन.

मी सही केली. ऐटीत, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून. गळ्यात पेन्सिल लोंबत होती, तिची आठवणही झाली नाही.

दुपारपर्यंत मी हातमोजे चढवून, डबा फोडून, बाटल्या उघडून पहिला नमुना यंत्रावर चढवला होता. आणि ओळखीच्या वेळेला, ओळखीचा चेहरा बाहेर आला. थायो.

बाई पडद्याकडे बघत नव्हत्या. मला आता सवय झाली होती, म्हणून मीही पडद्याकडे न बघता माझ्या हाताकडे बघितलं. मोजा काढला. तर्जनीला निळा ठिपका.

"कोणाचं पेन?"

"कुरिअरवाल्याचं."

"मोजे घालण्याआधी?"

"हो."

"म्हणजे मोज्याला बाहेरूनही लागलं असणार. आणि त्या मोज्याने बाटली उघडलीस."

मी मान हलवली. कोरं मी सकाळी चालवलेलं होतं आणि स्वच्छ निघालं होतं. पण ते कुरिअर यायच्या आधी. त्यात सगळं होतं, माझं निळं बोट तेवढं नव्हतं.

पेच असा होता. थायो खरंच बाटलीत घालून पाठवला असेल आणि आम्ही तो लिहिला नाही, तर गुण जाणार. माझ्या बोटाचा असेल आणि लिहिला, तर नापास, चावी शेठच्या टेबलावर. बाटली तर मीच बाटवलेली, त्यामुळे पुन्हा तिच्यातून काढून उपयोग नाही. शेठ दाराबाहेर येऊन उभे राहिले, कारण काल खाल्लेल्या लसणीमुळे त्यांना आत प्रवेश नव्हता. काचेतून ओरडून विचारू लागले, "मिला क्या? मिला तो लिख दो ना!"

मी म्हटलं, "बाई, माझंच आहे ते. नका लिहू."

"तू एक साक्षीदार. तोही असला." बाई उठल्या. "जा, ते पेन घेऊन ये."

कुरिअरवाल्याची गाडी तोवर घोडबंदर रोडला लागलेली. मी रिक्षा केली, काचेची बाटली मांडीवर घेतली आणि फोनवर त्याला गाठत गाठत शेवटी वरसाव्याला एका टपरीपाशी पकडला. तो चहात पाव बुडवत होता.

"पेन के लिए इधर तक आये?" तो म्हणाला. "साइन गलत हो गया क्या?"

"साइन सही था. आदमी गलत था."

त्याने पेन दिलं. ते मी रुमालाने धरून बाटलीत टाकलं, बूच लावलं. परत येताना रिक्षावाला आरशातून बघत होता. "साहब, पुलिस में हो?" मी नुसता ताठ बसलो. आयुष्यात असा प्रश्न पुन्हा येईलसं वाटत नव्हतं.

पेन तपासलं. त्यात थायो होता. भरपूर. मी खुर्चीत बसलो. दाराबाहेर शेठ काचेला नाक लावून, माझा चेहरा बघून, हळूहळू खाली वाकत गेले. मी चावीकडे बघितलं.

बाईंचा चेहरा मात्र खुलला होता. त्यांनी कपाट उघडून माझं जुनं पेन काढलं, बाटलीतलं. "याचा मी पुष्कळ अभ्यास केलाय. तुझा थायो कधी एकटा येत नाही. त्याच्यासोबत शाईचा जांभळा रंग असतो. हा रंग फार चिवट. एवढासा असला तरी दुसऱ्या मशीनमध्ये, जिथे पाणी तसंच घालता येतं तिथे, भोंगा वाजवत येतो. कुरिअरवाल्याच्या पेनातही तोच रंग दिसतोय. आता एकच बघायचं. बोटावरून बाटलीत जाताना थायो एकटा जातो, की रंगाला घेऊन जातो?"

"ते कसं बघणार?"

"तू पुन्हा चूक कर."

मला वाटलं, टोमणा आहे. नव्हता. त्यांनी शुद्ध पाण्याच्या नव्या बाटल्या मांडल्या, कुरिअरवाल्याचं पेन पुढे ठेवलं, कागद ठेवला. "सही कर. मोजे घाल. बाटली उघड. सकाळी जशी केलीस तशीच. आणि चूक नीट कर, घाईत नको."

मी सही केली. बाई म्हणाल्या, "सकाळी शेपूट काढलं होतंस. ते काढ." शेपूट काढलं. मोजे घातले. बाटली उघडली. ती तपासली, तर त्यात काहीच नाही. ना थायो, ना रंग.

"चूकसुद्धा धड जमत नाही याला," दारातून भोईरमामा म्हणाले. ते, शेठ आणि खालच्या गाळ्यातले पॉलिशवाले दोघे, असा जमाव काचेबाहेर झाला होता.

पुन्हा केली. पुन्हा. शेवटी मी विचार करायचं सोडलं आणि सकाळसारखा बावळट होऊन काम केलं, तेव्हा जमली. बाटलीत थायो आला. आणि थायोच्या मागोमाग, जितक्यांदा चूक जमली तितक्यांदा, जांभळा रंग. कधीही एकटा नाही.

मग बाईंनी परीक्षेचा नमुना दुसऱ्या मशीनमध्ये घातला. खोलीत एवढी शांतता, की खालचा राक्षससुद्धा दात घासायचा थांबलाय असं वाटलं. प्रत्यक्षात पॉलिशवाले वरच उभे होते.

थायो आला. स्वच्छ, मोठा, ऐटबाज. त्याच्यामागे कोणी नाही. आम्ही रंगाची वेळ येईपर्यंत थांबलो, ती येऊन गेली, तरी थांबलो. सपाट रेघ. वरसाव्याच्या खाडीसारखी सपाट.

"एकटा आलाय," बाई म्हणाल्या. "म्हणजे पाठवलेला आहे." आणि त्यांनी टाळी वाजवली. एकच, मोठी, लहान मुलीसारखी. काय झालं ते बाहेर कोणाला कळलं नव्हतं, पण काचेपलीकडे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठ लसणीचं विसरून आत आले. बाईंनी त्यांना बाहेर काढलं, पण हसत काढलं.

बाईंनी थायो लिहिला. दोन साक्षीदार, दोन पद्धती, आणि सोबत माझ्या चुकांच्या बाटल्यांचे आलेख, एकाखाली एक, परदेशी परीक्षकांच्या माहितीसाठी. माझं नाव आंतरराष्ट्रीय पातळीवर पोचलं ते असं.

निकाल आला तेव्हा आम्ही सगळं बरोबर ओळखलं होतं. एकही सुटलेलं नाही, एकही जास्तीचं नाही. परीक्षकांनी त्या चुकांच्या आलेखांबद्दल खास शाबासकी दिली होती. शेठनी टोपलीभर फरसाण आणलं. बाईंनी दारातच अडवलं, "हिंग आत येणार नाही." म्हणून पार्टी जिन्यावर झाली, पॉलिशवाल्यांसकट. बाईंनी आधी नुसती कागदी प्लेट हुंगली, मग फरसाण घेतलं. टेबलाच्या कडेची चावी त्यांनी उचलून पुन्हा कमरेच्या पट्ट्याला लावली आणि वर हाताने थोपटली. शेठ सगळ्यांना सांगत होते, "वो कमरा? वो तो अपनी शान है. मसाला उधर कौन डालेगा!"

बाई आता निवृत्त होऊन दापोलीला असतात. मध्यंतरी गेलो होतो. दारात उभ्या राहिल्या, हात पाठीमागे. हुंगलं, आणि आत घेतलं. मला उगाच भरून आलं.

पण सांगत होतो ते जिन्यावरचं. सगळे इतके खुशीत होते की मलाही धीर आला. मी गळ्यातली सुतळी काढली आणि बाईंच्या पुढे धरली. "बाई, आता तरी मला पेन द्या. पास झालो ना? निम्मं श्रेय तर माझंच आहे."

बाईंनी शेव चावून संपवली. हात पुसले. सुतळी माझ्या हातातून घेऊन परत माझ्या गळ्यात घातली.

"या लॅबमध्ये तू आजवर एकच गोष्ट नीट केलीस," त्या म्हणाल्या, "ती चूक. आणि तीसुद्धा पहिल्या खेपेला जमली नाही."